आधी वहीत खुणा कर

पोरी,

तुझं पत्र आणि पेनड्राइव्ह दोन्ही मिळाले. तुझ्या नव्या अल्बमची आठही गाणी तीनदा ऐकली. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन, तिसऱ्यांदा तुझ्या काकूला शेजारी बसवून. चौथ्या गाण्यात "माह्या वावराले मीच परकी झाली" ही ओळ आली तसा तिचा तूर निवडणारा हात थांबला. "पुन्हा लाव," म्हणाली. तिनं असं म्हटलेलं मी फार वेळा ऐकलेलं नाही.

रेकॉर्डिंगवाल्या मुलानं त्या 'झाली'चं 'झाले' करायला सांगितलं म्हणून तू विचारतेस. करू नको. आपल्याकडची बाई 'मी आली, मी गेली' असंच म्हणते. ते आपल्या बोलीचं व्याकरण आहे, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. शिवाय ती ओळ तू शेवटी लांबवतेस. 'ई' लांबवताना ओठ ताणलेले राहतात, रडू दाबल्यासारखे. 'ए' केलास की तोंड मोकळं होतं आणि ते दुःख निसटतं. पण सहाव्या गाण्यात मात्र 'बे' आणि 'बावा' तू मुद्दाम पेरलेस, लोकांनी हसावं म्हणून. वऱ्हाडी ऐकली की हसायचं, ही सवय स्टेजवाल्यांनी फार वर्षं लावली आहे. तू तिला खतपाणी घालू नये असं मला मनापासून वाटतं.

आता त्या गाण्यांच्या कंपनीच्या कराराच्या कागदाबद्दल. तू पाठवलेला फोटो भिंग घेऊन वाचला. 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी' आणि बदल्यात एकरकमी बिदागी. असा कागद मी एकदा सही केला आहे. कॅसेटचा जमाना होता, कागद इंग्रजीत टाइप केलेला होता, आणि कॅसेटवर आपला फोटो येणार या आनंदात मी तो वाचलाच नाही. पुढे माझंच गाणं दुसऱ्या कॅसेटसाठी गायला गेलो, तर ते आता तुमचं राहिलं नाही असं मला सांगण्यात आलं. गाणं मी शेतात पऱ्हाटीला पाणी देताना जुळवलेलं होतं. त्या रात्री एसटीनं घरी येताना ते मनातल्या मनातसुद्धा म्हणवेना.

तुझ्या वेळेला कायदा थोडा बरा आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला समान वाटा आता करार करूनही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेला देता येतो. गीतकार-संगीतकारांसाठी अशी संस्था म्हणजे आयपीआरएस, तिची सभासद हो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द ते इतक्या काळजीनं घालतात. आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो. ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते करवलं, त्याचा तो. तेव्हा स्टुडिओची, वादकांची, मिक्सिंगची प्रत्येक पावती तुझ्या नावावर फाड.

पण पोरी, कंपनीचा कागद ही पुढची गोष्ट. त्याआधी तुझी वही घे आणि प्रत्येक ओळीपुढे खूण कर: ही माझी, ही ऐकलेली. दुसरं आणि सातवं गाणं ऐकताना मी अस्वस्थ झालो. दुसऱ्या गाण्याची चाल भुलाबाईच्या पारंपरिक गाण्याची आहे, पहिलं कडवंही. कोजागिरीपर्यंत दारोदार पोरी म्हणतात तेच. पुढची तीन कडवी तुझी आहेत आणि चांगली आहेत. पण तू चिठ्ठीवर सरसकट 'गीत व संगीत' म्हणून स्वतःचं नाव लिहिलंस. सातव्यातली जात्यावरची ओवी तुझ्या आजीच्या शेजारणीची आहे, हे तूच मला गेल्या पोळ्याला सांगितलं होतंस.

हे मी एवढं का बोलतो ते सांगतो. माझ्या त्याच कॅसेटवर एक ओवी होती. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माउलीकडून मी ती शिकलो होतो. ती पहाटे दळायची, मी ओट्यावर बसून ऐकायचो. कव्हरवर कवी म्हणून माझं नाव छापून आलं. मी ते नाकारलं नाही. कॅसेट तिला ऐकवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चांगली म्हनली रे बाबू." पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. कंपनीनं माझं गाणं नेलं याचा राग मी पुष्कळ वर्षं बाळगला. तिच्या ओवीचा विचार मात्र त्याहून कितीतरी उशिरा आला.

तेव्हा दुसऱ्या गाण्यावर 'पारंपरिक. पुढील कडवी व संगीत संयोजन' असं लिही आणि तुझं नाव टाक. सातव्यावर त्या बाईंचं नाव टाक, पण आधी त्यांच्याकडे जाऊन गाणं ऐकव आणि विचार. नाव नको म्हणाल्या तर 'गावातल्या एका आजीकडून' एवढं तरी असू दे. मिळकतीतलं काही देणार असशील तर तेही तिथेच, त्यांच्या ओसरीत बसून ठरव.

यात व्यवहाराचाही भाग आहे. गाणी ॲपांवर पोचवणारा ऑनलाइन वितरक यूट्यूबच्या कंटेंट आयडीसाठी विचारेल, म्हणजे तुझं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत ओळखून त्यावर आपोआप दावा लावणारी यंत्रणा. तुझ्या स्वतःच्या गाण्यांना हो म्हण, दुसऱ्या आणि सातव्याला नाही. त्या यंत्रणेत एकट्याच्या मालकीचीच गोष्ट टाकायची असते. उद्या एखाद्या गावच्या पोरींचा भुलाबाईचा व्हिडिओ तुझ्या नावाच्या दाव्यात अडकला, तर त्यांना काय सांगशील?

स्ट्रीमिंगच्या पैशावर घर चालवायचा हिशेब करू नको. स्पॉटिफायवर वर्षभरात एक गाणं 1,000 वेळा वाजल्याशिवाय त्याचा पैसाच धरत नाहीत. अल्बम हा लोकांनी तुला बोलवावं यासाठी आहे. खेड्यात कलेला कोणी पैसा देत नाही, असं तुला सांगणारे भेटतील. त्यांना गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला ने. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली माणसं तिकीट काढून रात्र-रात्र नाटक बघतात. सुपारी घेताना इसार घे, आणि बिदागी हातात आली की आधी ढोलकीवाल्याला आणि पेटीवाल्याला दे, मग उरलेली तुझी. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात मिळेल तेवढ्या वेळात, नुसत्या खंजेरीवर गाऊन बघ. तिथली मंडळी खंजेरी ऐकत वाढलेली आहेत. त्यांच्यापुढे टिकलेलं गाणं कुठेही टिकतं.

राहिला आवाज. स्टुडिओत भाड्याच्या घड्याळाकडे बघत गायलेलं तुझ्या गळ्यात ऐकू येतंय, तिसऱ्या आणि पाचव्या गाण्यात तर फारच. ती दोन्ही पुन्हा कर, आमच्याकडे. यंदा भाव वाढेल म्हणून कापूस अजून विकलेला नाही. मधली खोली छताला हात लागेल इतकी भरली आहे. परवा त्यात उभं राहून टाळी वाजवून बघितली. भिंतीवरून काहीच परत आलं नाही, टाळी तिथल्या तिथे विरली. दारापाशी तुला उभं राहायला पुरेशी जागा आहे. कापसाकडे पाठ करून नको, तोंड करून गा, म्हणजे तुझा आवाज आधी कापसात जाईल. खंजेरीवाला चार हात मागे, ओसरीत. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये खंजेरी शब्दांवर चढली आहे. पंखा बंद ठेवू, त्याची घरघर पुढे पूर्ण काढणं कठीण जातं. बाह्या लांब असलेला ड्रेस घालून ये, साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते.

वही आण. कागद सही न करता आण. आणि लवकर ये. परवा व्यापारी येऊन ढीग बघून गेला आहे, मनासारखा भाव दिला तर आठवड्यात खोली रिकामी होईल.

तुझा काका