आरव्ही घेऊन निघण्याआधी

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर; ती उभी करायच्या रिसॉर्टांची मेंबरशिप घेतलीस, छान. पण रिसॉर्टच्या सूचना न वाचता निघू नकोस. पाणी बंद, गेटची वेळ बदलली, सगळं त्यातच असतं. आम्ही एकदा रात्री दहाला पोचलो तर गेट बंद! बाहेरच पोहे खाऊन झोपलो.

रस्त्याचं मात्र आपणच बघायचं. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कातल्या गोइंग-टू-द-सन रोडवर घाटाच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही, आणि बंपरही मोजतात बरं का. तुझी तीस फुटी रिसॉर्टवरच ठेव, छोट्या गाडीने जा.

रिसॉर्टवरची साइट, म्हणजे गाडी उभी करायची जागा, ३० अँपिअरच्या वीजजोडणीची असली तर मिळतात ३,६०० वॅटच. एसी, गीझर आणि इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) एकदम लावलेस की ब्रेकर पडलाच. भात कच्चा राहतो, विचार आमच्या हिला.