मदरशाच्या बोर्डिंगमध्ये मोठी मुलं लहानांना खरंच वळण लावतात का? मुलाला हिफ्जसाठी, म्हणजे कुराण तोंडपाठ करायला, पाठवावं का?

लावतात. मला उस्तादांपेक्षा जास्त एका चौदा वर्षांच्या मुलाने घडवलं, आणि हे मी आमच्या चुलत्यांना वीस वर्षं सांगतोय.

मी नऊ वर्षांचा असताना श्रीवर्धनकडच्या आमच्या गावातून मदरशात गेलो. बाबा आखातात. पहिले दोन महिने रात्री अंथरूण ओलं व्हायचं. माझा जोडीदार नेमलेला मुलगा दापोलीकडचा, कुराणच्या तीस पाऱ्यांपैकी (भागांपैकी) वीस पाठ झालेला. तो मला फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, बराच आधी उठवायचा, विहिरीवर चादर धुवायचा, आणि बाकीची मुलं उठेपर्यंत आम्ही दोघं वजू करून (नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन) बसलेलो असायचो. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडेही कधी विषय काढला नाही.

सबक, म्हणजे रोजचा नवा धडा, उस्ताद ऐकायचे, पण आमुख्ता, म्हणजे मागचं पाठ केलेलं, पक्कं व्हायचं ते त्या मुलासमोर बसून. कुराणच्या सूरह रहमान या अध्यायात एकच आयत (ओळ) 31 वेळा येते, प्रत्येकीनंतर पुढे काय, तिथेच मुलं घसरतात. मी घसरलो की तो माझ्या गुडघ्यावर बोट टेकायचा आणि मला आठवेपर्यंत गप्प बसायचा.

चुलते म्हणतात, छडीशिवाय हिफ्ज होत नाही. छडी खाणारे माझ्याबरोबरचे दोघं पाच पाऱ्यांवरच पळून गेले, ते त्यांना दिसत नाहीत. माझे तीसही पारे चार वर्षांत झाले. आम्ही शाफई पंथाचे, आमच्यात वयात न आलेला मुलगाही नमाज पढवू शकतो, म्हणून तेराव्या वर्षीच गावच्या मशिदीत तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, पढवली. लुकमा द्यायला, म्हणजे अडलं तर पुढचा शब्द सांगायला, मागे तोच दापोलीकडचा मुलगा उभा होता, वेसवीहून तरीने बाणकोटची खाडी ओलांडून आलेला. तिसऱ्या रात्री मी अडखळलो. त्याने लुकमा लगेच दिला नाही, जरासा थांबला. मला आठवलं.

आता तुमच्या मुलाचं. सगळीच मोठी मुलं अशी नसतात. वर लक्ष ठेवणारं कुणी नसेल तर तीच लहानांकडून कपडे धुऊन घेतात, मारतातही, मी पाहिलंय. म्हणून जोड्या कोण लावतो आणि रात्री मुलांच्या खोलीत मोठं माणूस झोपतं का, हे आधी विचारा. आठ वर्षांखालचं मूल पाठवू नका. दहावीपर्यंतची शाळा सोबत होत असेल तरच नाव घाला. आणि उस्तादाच्या बाजूला छडी दिसली तर त्याच दिवशी मुलाला घरी आणा, घरातले मोठे काहीही म्हणोत.