वाचकांचे प्रश्न : डीबीतले (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीतले) एमसीबी, आरसीसीबी आणि त्यांवरचे आकडे

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघराच्या लाइनवर 'सी१६' एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे. तो कधी पडतो, कधी पडत नाही. वायरमन म्हणतो, 'सी२५ टाकू, कटकट मिटेल.' टाकावा का? आणि खाली चौकटीत १०००० लिहिलंय, ते काय?

उत्तर : वायर तीच ठेवून सी२५ अजिबात टाकू नका. एमसीबी असतो तो भिंतीतली वायर जळू नये म्हणून, आणि १६ अँपिअरच्या लाइनला बहुतेक घरांत अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असते. एमसीबी छापील आकड्याला लगेच पडत नाही. तेरा टक्के जास्त, म्हणजे साधारण १८ अँपिअरपर्यंत सी१६ तासभर तरी तग धरतो. करंट २३ अँपिअरच्या पुढे गेला, की तासाच्या आत पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात काहीही होऊ शकतं. समजा, याच लाइनवर ३००० वॅटचा गिझर आणि शेगडी आहे : गिझर १३ अँपिअर घेतो, २००० वॅटची इंडक्शन शेगडी ८.७, दोन्ही मिळून २१.७. उन्हाळ्यात डीबी तापलेली असेल तर लवकर पडेल, थंडीत कदाचित पडणारही नाही. तुमच्या 'कधी पडतो, कधी नाही'चं कारण बहुधा हेच. सी२५ टाकलात, तर तो ३६ अँपिअरला तासाभरात पडेल, आणि तोवर तो सगळा करंट अडीचच्या वायरीतून वाहत राहील. शेगडीसाठी ४ स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन ओढून घेणं हा खरा उपाय.

त्याआधी मेन बंद करून एमसीबीचे स्क्रू मात्र तपासून घ्या. स्क्रू सैल असला की तिथेच उष्णता होते, आतली द्विधातूची पट्टी त्या उष्णतेनेच वाकते आणि लोड कमी असतानाही एमसीबी पडतो. वायरीचं टोक काळवंडलेलं किंवा प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं, तर तेवढं टोक कापून नवं करा. एमसीबीचं टर्मिनल भाजलं असेल तर तोही बदला.

'सी१६'मधल्या अक्षराचा संबंध करंटच्या अचानक झटक्याशी आहे. 'बी' प्रकार रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला क्षणात पडतो, 'सी' ५ ते १० पटीला. मोटर सुरू होताना मोठा करंट ओढते, म्हणून पंप, फ्रिज, एसीला 'सी' घेतात. चौकटीतले १०००० म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर इतक्या अँपिअरपर्यंतचा करंट तो सुरक्षितपणे तोडू शकतो. तुमच्या लोडशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : पावसाळा लागला की आरसीसीबी सारखा पडतो. शेवटी वायरमनने तो वगळून थेट जोडणी करून दिली. धोका आहे का?

उत्तर : मोठा धोका आहे. आजच तो परत जोडून घ्या. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, तर उरलेला कुठेतरी जमिनीत, कदाचित माणसातून, जातोय असं धरून आरसीसीबी सप्लाय तोडतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान पडतो. तो पडतोय म्हणजे बहुधा घरात गळती आहे. ती अशी शोधा.

सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी चालू करा. मग एकेक एमसीबी वर करा. ज्याला आरसीसीबी पडला, त्या लाइनमध्ये दोष. एकही पडला नाही, तर एकेक उपकरण लावून बघा. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी टिकत नसेल, तर कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला चिकटलाय असा संशय घ्या. मग मेन बंद करून न्यूट्रल बारवरच्या वायरी एकेक सोडवून बघाव्या लागतात. हे काम परवानाधारक वायरमननेच करावं.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले असतात : गच्चीवरचा दिवा, पाण्याचा पंप, बाहेरचा जॉइंट, आणि बरेच दिवस बंद असलेला गिझर. गिझरच्या एलिमेंटमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओल शोषते. साध्या मल्टिमीटरवर हा दोष अनेकदा दिसत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासायला सांगा, आणि १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर एलिमेंट बदला. इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या लाइनचा न्यूट्रल आरसीसीबीच्या अलीकडे आणि फेज पलीकडे, असं झालंय का तेही बघा. अशा वेळी गळती नसतानाही आरसीसीबी पडतो.

काही घरांत दोष कशातच नसतो. संगणक, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरमधून थोडी गळती नेहमीच असते आणि ती साठत जाऊन १५ च्या जवळ पोचते. तेव्हा लाइनी दोन आरसीसीबींवर वाटा.

प्रश्न : आरसीसीबी बसवला. आता अर्थिंग नसलं तरी चालेल ना? टेस्ट बटण दाबलं की तो पडतो.

उत्तर : चालणार नाही. टेस्ट बटण आतल्याच रोधातून थोडा करंट वळवतं, त्यामुळे अर्थिंग तुटलेलं असलं तरी ते काम करतं. आरसीसीबीची यंत्रणा हलते, एवढंच त्यातून कळतं. तरीही दर तीन महिन्यांनी ते दाबत जा. अर्थिंग असेल, तर गिझरच्या पत्र्याला फेज लागताच आरसीसीबी पडतो. नसेल, तर कुणीतरी हात लावल्यावरच. शिवाय एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीला तो माणूस आणि बल्ब यांतला फरक कळत नाही.