ट्रकचे ब्लॅक स्पॉट शोधताना

ट्रकचे ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार जीवघेणे अपघात होणाऱ्या जागा, शोधायचा तुझा उत्साह छान आहे, पण आधी नकाशा मिटव. राष्ट्रीय महामार्गावरच्या ब्लॅक स्पॉटची व्याख्या पक्की कर: साधारण ५०० मीटरचा पट्टा, ३ वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू.

नवखे इथे चुकतात:
- सगळी वाहनं एकत्र मोजतात. ट्रकचे अपघात वेगळे काढ.
- टक्कर झाली तिथेच कारण शोधतात. पुण्याचा नवले पूल घे. ट्रक आदळतो पुलाजवळ, पण गडबड सुरू होते वर, कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर. लांबलचक उतार, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर, मग सतत ब्रेक, तापलेले लायनर (ब्रेकमधलं घासणारं अस्तर). (तो जळका वास एकदा घेतलास की विसरणार नाहीस.)

अपघाताच्या नोंदीत नुसतं ‘पुलाजवळ’ असेल तर किलोमीटरचा दगड स्वतः पाहून ये. हिशोबाची सूत्रं-बित्रं नंतर बघू.