मैत्रिणींबरोबर एक दिवस सोलापुरात कापड खरेदीला यायचंय, कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की चौघीजणी पुण्याहून सकाळी येऊन रात्री परतणार, आणि चादरींशिवाय इथे घेण्यासारखं काय आहे. मी सोलापूरची. कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन हीच वारी तीनदा केलीय, त्यातली पहिली चांगलीच अंगाशी आली.

चादरीपासून सुरुवात करू नका. दोन चादरी घेतल्या की हात भरले, मग उरलेला दिवस तुम्ही खरेदी करत नाही, हमाली करता. सकाळी थेट चाटी गल्ली गाठा. मधल्या मारुतीच्या बाजूचा हा जुना बाजार. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, त्यावरूनच गल्लीला नाव पडलं. रिक्षा आतपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नका, टिळक चौकात उतरून चालत जा. सकाळी गर्दी कमी असते, दुकानदार निवांत असतो आणि भवानी व्हायची असते, त्यामुळे भावही जरा ऐकून घेतो. तयार कपडे, ड्रेस मटेरियल हवं असेल तर पुढे नवी पेठ आहेच, पण ते पुण्यातही मिळतं. त्यात वेळ घालवू नका.

इथे बघायचं ते इरकल साडी आणि ब्लाउजसाठी खणाचं कापड. कर्नाटक जवळ, त्यामुळे तिथल्या इलकल-गुळेदगुड्ड या विणकरांच्या गावांचा माल इथे मुबलक येतो. हातमागाची इरकल ओळखायची तर पदर उलटून बघा. साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा असतो. दोन्हींचे धागे एकमेकांत फासे घालून जोडलेले असतात. तो जोड डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो. यंत्रमागाच्या स्वस्त साडीत सहसा तो नसतो. स्वस्त साडी वाईट असं नाही. रोजच्या वापराला मी तीच नेसते. फक्त हातमागाची म्हणून तिचे पैसे मोजू नका.

आता फजिती. आमच्यातल्या एकीच्या पुतणीचं लग्न होतं. चौघींनी इरकल नेसून एकाच जांभळ्या खणाचे ब्लाउज शिवायचे ठरलं. दुकानात गादीवर बसून दीड तास तागे उलगडायला लावले, चहा झाला, कोणाला काठ आवडेना, कोणाला रंग भडक वाटेना. शेवटी एक तागा पसंत पडला आणि सवयीने प्रत्येकीला ८० सेंटिमीटर फाडून घेतलं. दुकानदार म्हणालाही, "अक्का, पन्हा बघितला का?" पण तोवर आम्ही भाव पाडण्यात गुंतलो होतो. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ब्लाउजपीसचा पन्हा नेहमी ४४ इंच धरतो ना आपण. पारंपरिक खणाचा असतो जेमतेम ३१-३२ इंच. पुण्यातल्या टेलरने कापड हातात घेतलं आणि विचारलं, "बाह्या कशाच्या करू?" सव्वा मीटर तरी लागलं असतं.

मग पंधरा दिवसांनी मी एकटी त्या दुकानात. तो तागा संपलेला. नवा आला होता तोही जांभळाच, पण शेजारी धरला तर एक छटा निळसर. दुकानदाराने दाराशी उजेडात नेऊन दाखवलं आणि स्वतःच म्हणाला, घेऊ नका. (असा दुकानदार भेटला तर नंबर घेऊन ठेवा.) तिघींनी साध्या काळ्या बाह्या लावल्या. चौथीने रुसून तिच्या तुकड्याचं दाराला तोरण केलं, ते अजून आहे.

म्हणून दोन गोष्टी. सगळ्यांना सारखं हवं असेल तर एकाच ताग्यातून घ्या, आणि वाढीव अर्धा मीटर एकीच्या नावावर जास्तीचा घ्या. आणि मीटर सांगण्याआधी पन्हा विचारा. हल्ली मोठ्या पन्ह्याचा खणही मिळतो, पण तो बहुतेक यंत्रमागाचा. छोटीचं परकर-पोलकं शिवायचं असेल तर आधी टेलरला फोन लावा. अस्तराचं सुती कापड नंतर आटतं, ते शिवायच्या आधी पाण्यातून काढा.

जेवायला दुपारी थांबा. कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी. घरी न्यायला चटणीही घ्या, पण ती साड्यांच्या पिशवीत ठेवू नका, तेल सुटतं.

मग रिक्षाने पूर्व भागात जा, कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ या बाजूला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. कानावर मराठीपेक्षा तेलुगू जास्त पडेल आणि गल्लीबोळातून मागांची खटखट. नारळी पौर्णिमेला इथे मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी खरेदीला येऊ नका, रथ बघायला या. चादरी आणि टॉवेल इथून घ्या. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवतात ही इथली जुनीच तक्रार. चादर उलटून बघा. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली असल्याने मागच्या बाजूला तीच नक्षी रंग अदलाबदल होऊन येते. छापलेल्या चादरीची मागची बाजू फिकी दिसते. हातात वजनही कळतं. पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात. टॉवेल नवाकोरा असताना पाणी टिपत नाही म्हणून नाव ठेवू नका, दोन-तीनदा धुतला की सुधारतो.

एप्रिल-मेमध्ये येऊ नका, ४० च्या वर ऊन असतं. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा गर्दी सोसवणार असेल तरच या. चादरी घेतल्या की त्याच रिक्षाने स्टेशन गाठा, आणि निदान एक तास हातात ठेवा, कारण चौघींपैकी एकीला ऐनवेळी "अजून एक टॉवेल" आठवतोच. टेप मात्र घरून आणा. दुकानातली मागितली की दुकानदार हसतो.