बाथरूममधला तळहाताएवढा कोळी

प्रश्न : आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ तळमजल्यावर राहतो. बाथरूमच्या भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी कोळी बसतो, पोटाखाली पांढरी चपटी टिकली धरलेली असते, सासूबाई म्हणतात ती विषाची पिशवी. घरात रांगतं बाळ आहे, मारून टाकू का?

उत्तर : ताई, मारू नका हो. ती अंड्यांची पिशवी आहे, म्हणजे ही मादी, आणि अंडी फुटेपर्यंत ती पिशवी सोडत नाही. वर्णनावरून हा हंट्समन कोळी वाटतो, खेकड्यासारखे पाय आडवे पसरून भिंतीला चिकटतो, जाळं विणत नाही आणि रात्रभर फिरून झुरळं खातो. हातात धरला तर चावतो, दुखतं, थोडं सुजतं, पण जिवाला धोका नसतो.

बाळाची काळजी वाटणं साहजिकच आहे, तर रुंद डबा वरून पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि कंपाउंडच्या झाडीत सोडून या, पिशवीसकट. चुकून चावलाच तर साबणाने धुवा, बर्फ लावा, सूज पसरली किंवा श्वास लागला तर लगेच डॉक्टर.

आणि पावसाळ्यात सकाळी मानेवर लाल जळका पट्टा दिसला की सगळे "कोळी फिरला" म्हणतात ना, तो बहुतेकदा ट्यूबलाइटकडे येणारा छोटा लाल-काळा किडा अंगावर चिरडल्यामुळे उठतो, बिचाऱ्या कोळ्याचा त्यात काही संबंध नसतो.