मांजरासाठी नैसर्गिक लिटर निवडताना

तुमच्याकडे मांजर पहिल्यांदाच येत आहे, म्हणून आधी हे सांगते की बेंटोनाइट मातीचे लिटर (लिटर म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये पसरायचा पदार्थ) ओले झाल्यावर गोळे छान धरते, पण ते खनिज असल्याने कुजत नाही. त्याऐवजी पाइन लाकडाच्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या भुशाच्या छोट्या कांड्या, घ्या. त्या ओल्या झाल्या की फुगून त्यांचा भुसा होतो. जाळीचा ट्रे हलवला की तो खाली गळतो आणि वर कोरड्या पेलेट उरतात. आमच्या मांजरीला मात्र त्या पायाला टोचत. ती ट्रेच्या कडेवर पंजे टेकवून अवघडून बसायची, म्हणून मी सोयाबीनच्या चोथ्याचे टोफू लिटर आणले आणि दोन्ही आठवडाभर थोडे थोडे मिसळत ते बदलले. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर टोफू लिटरला बुरशी धरते, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावे. सुगंधी प्रकार टाळा. विष्ठा रोज काढा, कारण तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असल्यास तो साधारण 1 ते 5 दिवसांत संसर्गक्षम होतो; घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे, आणि लिटर कुजणारे असले तरी वापरल्यावर ते भाजीच्या वाफ्यात कधीही घालू नये.